बीबीसी मायक्रोवर वर्डवाइजने लिहायला सुरुवात करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्डवाइज हा बीबीसी मायक्रो या जुन्या संगणकावर मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम. वाचण्याआधी एक सूचना. आज्ञा आणि बटणांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, पण मशीनवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाईप करायची. "तारा वर्डवाइज" असं लिहिलं असेल तर आधी तारांकन चिन्ह, मग लगेच, मधे जागा न सोडता, वर्डवाइज हे नाव. लाल फंक्शन बटणांना एफ-० ते एफ-९ म्हटलं आहे.

बीबीसी मायक्रो म्हणजे नेमकं कोणतं मशीन?

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१च्या डिसेंबरात बाजारात आणलेला घरगुती आणि शालेय संगणक. ब्रिटनच्या बीबीसीने लोकांना संगणक शिकवण्याची मोहीम काढली होती आणि तिच्यासाठी हे मशीन निवडलं, म्हणून नावात बीबीसी. आत ६५०२ हा प्रोसेसर २ मेगाहर्ट्‌झवर चालतो. मॉडेल ए मध्ये १६ केबी मेमरी होती, मॉडेल बी मध्ये ३२ केबी. या पानावर जे काही आहे ते मॉडेल बी गृहीत धरून. ए वर लिहायला बसू नका, जागा पुरत नाही.

आमच्या शाळेत असा एक संगणक होता. तो हाच का?

शाळा १९८०च्या दशकातली असेल तर बहुधा हाच. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये "क्लास" नावाचा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडले. पुढच्या काही वर्षांत देशभरातल्या अडीच हजारांहून अधिक शाळांपर्यंत तो पोचला. पंजाबातल्या मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने याच मशीनची भारतीय आवृत्तीही काढली, तिचं नाव एससीएल युनिकॉर्न. फिकट बदामी रंगाचं खोकं, काळी बटणं, वरच्या ओळीत दहा लाल बटणं आणि उजवीकडे तपकिरी बाणांची बटणं: एवढ्या खुणा पटल्या की शंका नको.

शाळेच्या अडगळीत असं मशीन पडलेलं दिसलं तर भंगारात जाऊ देऊ नका. त्या काळातल्या संगणकांच्या मानाने याची बांधणी फार मजबूत आहे आणि चाळीस वर्षांनंतरही यातली बरीच मशीनं दुरुस्त होऊन चालतात.

मग लगेच प्लग लावून सुरू करून बघू?

नको. हे मी कळकळीने सांगतो, कारण उत्साहाच्या भरात नेमकं हेच होतं. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये विजेच्या लाईनवर बसवलेले रिफा जातीचे कपॅसिटर असतात. त्यांचं पारदर्शक आवरण वयोमानाने तडकतं, आत दमट हवा शिरते आणि मशीन चालू केल्यावर काही मिनिटांत ते धूर सोडून फुटतात. धूर इतका दाट आणि उग्र असतो की मशीनच गेलं असं वाटतं. सहसा बाकी मशीन शाबूत राहतं, पण हे टाळता येण्यासारखं आहे. वीजपुरवठ्याचं काम जाणणाऱ्या माणसाकडून ते दोन्ही कपॅसिटर आधी बदलून घ्या. बंद पॉवर सप्लायमध्येही धोकादायक विद्युतदाब साठलेला असू शकतो, म्हणून सवय नसेल तर स्वतः उघडू नका.

व्होल्टेजची काळजी नको. मशीन ब्रिटनच्या २४० व्होल्टसाठी बनलं आहे, आपल्याकडच्या विजेवर बिनतक्रार चालतं.

चालू झालं हे कसं ओळखायचं?

आधी एक जाड आवाज, मग लगेच एक छोटी, वरच्या पट्टीतली "बीप". स्क्रीनवर बीबीसी कॉम्प्युटर ३२के अशी ओळ, फ्लॉपीची सोय असेल तर तिची एक ओळ, मग बेसिक, आणि त्याखाली उजवीकडे तोंड असलेलं टोकदार चिन्ह. पहिला जाड आवाज थांबतच नसेल तर मशीन मधेच अडकलं आहे. अशा वेळी दुरुस्तीवाला गाठा.

त्या चिन्हापुढे पत्र टाईप केलं तर "मिस्टेक" असं येतं. माझं काय चुकलं?

काहीच नाही. तुम्ही अजून लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये गेलेला नाहीत. तुमच्यासमोर आहे ती बेसिक भाषा आणि तुम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ ती आज्ञा समजून वाचते. "डिअर सर" नावाची आज्ञा तिच्या यादीत नाही, म्हणून ती "मिस्टेक" म्हणते. लहान लिपीत "प्रिंट" लिहिलं तरीही हेच म्हणते, कारण तिला आज्ञा मोठ्या लिपीत लागतात.

लिहिण्याचा प्रोग्रॅम वेगळा असतो आणि तो बोलवावा लागतो. तारा वर्डवाइज टाईप करून रिटर्न दाबा. तारांकन चिन्ह ८ च्या बटणावर शोधू नका, या कीबोर्डवर ते विसर्गासारख्या दिसणाऱ्या दोन टिंबांच्या बटणावर शिफ्टसह आहे. एम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, वापरणारे सगळ्यात आधी इथेच अडतात.

"बॅड कमांड" असं उत्तर आलं तर?

म्हणजे तुमच्या मशीनमध्ये वर्डवाइज बसवलेलं नाही. हा प्रोग्रॅम फ्लॉपीवरून चढवायचा नसतो, त्याची एक चिप असते. मशीनच्या मुख्य बोर्डावर पुढच्या बाजूला उजवीकडे अशा चिपांसाठी चार सॉकेट आहेत. एकात बेसिक, फ्लॉपी असेल तर एकात तिचा प्रोग्रॅम, उरलेली तुमच्यासाठी. तारा हेल्प ही आज्ञा दिली की आत कोणकोणत्या चिपा आहेत याची यादी येते.

वर्डवाइज ब्रिटनमधल्या कॉम्प्युटर कन्सेप्ट्स कंपनीचं, चार्ल्स मोइर यांनी लिहिलेलं. अवघ्या ८ केबीत बसतं. हा आकडा वाचून थोडं थांबावं असं मला वाटतं. शोधणं, बदलणं, परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवणं, शब्द मोजणं, छपाईची सगळी मांडणी, हे सगळं ८ हजार १९२ बाइटांत.

चिप बसवायची तर मशीन बंद करून वायर काढा, वरचं झाकण धरणारे चार स्क्रू सोडवा (त्यांच्यापाशी "फिक्स" असं लिहिलेलं असतं), कीबोर्ड सैल करून बाजूला घ्या. चिपेवरची खाच शेजारच्या चिपांच्या खाचेच्या दिशेलाच हवी. पाय नाजूक असतात, एकदा वाकून तुटले की जुनी चिप पुन्हा मिळवणं कठीण. अगदी उजवीकडच्या सॉकेटचा मान पहिला: तिथे वर्डवाइज बसवलं तर मशीन चालू करताच बेसिकऐवजी तेच उघडतं. रोज लिहिणाऱ्यासाठी हीच जागा चांगली. बेसिक हवी तेव्हा तारा बेसिक.

तारा वर्ड टाईप केलं तर भलतंच काहीतरी उघडलं.

ते "व्ह्यू". एकॉर्नचा स्वतःचा वर्ड प्रोसेसर, मार्क कोल्टन यांनी लिहिलेला, आणि त्याला बोलवायची आज्ञा नेमकी तारा वर्ड अशी आहे. दोन्ही चिपा एकाच मशीनमध्ये असतील तर आखूड रूपं वापरू नका, वर्डवाइज पूर्ण टाईप करा.

वर्डवाइज उघडलं. समोर आकड्यांची यादी आहे, लिहायचं कुठे?

एस्केप दाबा. लिहिण्याची स्क्रीन येईल. पुन्हा एस्केप दाबलं की यादी परत. या दोन खोल्यांमधला दरवाजा म्हणजे एस्केप, एवढं लक्षात राहिलं की अर्धं वर्डवाइज आलं.

यादीतली कामं अशी. १ ने सगळा मजकूर साठवायचा, २ ने साठवलेला उघडायचा, ३ ने खुणा केलेला भागच साठवायचा, ४ ने दुसरी फाईल कर्सरपाशी आणायची, ५ ने शोधून बदलायचं, ६ ने छापायचं, ७ ने छापल्यावर कसं दिसेल ते बघायचं, ८ ने तेच छापील रूप फाईलमध्ये लिहायचं. २ आणि ४ यांतला फरक जपा. २ दाबलं की मेमरीत आधी असलेला मजकूर पुसला जातो.

सगळी अक्षरं मोठ्या लिपीतच उमटतात.

मशीन चालू होतं तेव्हा कॅप्स लॉक लागलेलंच असतं, कारण बेसिकला मोठी लिपी हवी. कीबोर्डवरचा छोटा लाल दिवा बघा. कॅप्स लॉक एकदा दाबा, दिवा विझेल.

एका ओळीत चाळीसच अक्षरं का? कागदावर तर साठ-सत्तर मावतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्याचं उत्तर नीट समजलं तर वर्डवाइजमधलं पुढचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मॉडेल बी मध्ये ३२ केबी मेमरी आहे, म्हणजे ३२,७६८ बाइट. स्क्रीनवर दिसणारं चित्रही याच मेमरीत राहतं. त्याला वेगळी जागा नाही. म्हणजे स्क्रीन आणि तुमचा मजकूर एकाच घरातले दोन भाडेकरू आहेत: एकाने हातपाय पसरले की दुसऱ्याला आखडावं लागतं.

आता हिशोब करू. फ्लॉपीची सोय असलेल्या मशीनमध्ये सुरुवातीचे ६,४०० बाइट मशीन आणि फ्लॉपी यांच्या कामासाठी जातात. ओळीत ऐंशी अक्षरं दाखवणारी मोड ३ ही पद्धत निवडली तर स्क्रीन १६ केबी खाते. उरतात ९,९८४ बाइट. इंग्रजी टाईप केलेलं पान साधारण दोन हजार अक्षरांचं धरलं तर पाच पानं संपली की जागा संपली.

मोड ७ मध्ये गोष्ट वेगळी. ही टेलिटेक्स्टची, म्हणजे टीव्हीवर मजकुराची पानं दाखवण्याची, पद्धत आहे. अक्षराचा आकार काढण्याचं काम एक वेगळी चिप करते, मेमरीत फक्त "इथे अमुक अक्षर" एवढीच नोंद राहते. चाळीस अक्षरांच्या पंचवीस ओळी १ केबीत बसतात. उरतात २५,३४४ बाइट. त्यातला थोडा भाग वर्डवाइज स्वतःला ठेवतं, तरी दहापेक्षा जास्त पानं आरामात मावतात. फ्लॉपी नसलेल्या, कॅसेटवर चालणाऱ्या मशीनवर तर आणखी जवळजवळ पावणेतीन हजार अक्षरं मिळतात.

वर्डवाइजने मोड ७ निवडली आणि तिची किंमतही मोकळेपणाने मान्य केली. कागदावर ओळ कुठे तुटेल हे लिहिताना दिसणारच नसेल, तर लिहिणं आणि मांडणं ही दोन कामं वेगळीच करावीत. आधी लिहा. ओळीचा शेवट, समास, मधोमध आणणं, पानाची लांबी हे सगळं मजकुरातच छोट्या आज्ञांनी सांगून ठेवा. छापताना मशीन त्या आज्ञा वाचून पान लावील. माझ्या मते या मशीनसाठी याहून चांगला निर्णय शक्य नव्हता. जुन्या टीव्हीवर चाळीस अक्षरं डोळ्यांना स्वच्छ दिसतात, ऐंशी अक्षरं दिसत नाहीत, हा फायदा वेगळाच.

"व्ह्यू"ने उलट बाजू घेतली. कागदावर जसं येईल तसंच शक्य तितकं स्क्रीनवर दाखवायचं. ऐंशी अक्षरांत काम करायचं तर त्यासाठी वर सांगितलेली मेमरीची किंमत मोजावी लागते. १९८६ साली आलेल्या मास्टर १२८ या पुढच्या मशीनमध्ये स्क्रीनसाठी स्वतंत्र मेमरी मिळाली आणि "व्ह्यू" चिपेसकट सोबतच आलं. तिथे "व्ह्यू" वापरणं शहाणपणाचं. मॉडेल बी वर मी वर्डवाइजच सुचवीन.

ओळ संपली की रिटर्न दाबायचं का?

नाही. टाईपरायटरची सवय असलेल्यांचा हात आपोआप जातो, तो आवरा. शब्द ओळीत मावला नाही तर वर्डवाइज स्वतःच खाली नेतं. रिटर्न फक्त परिच्छेद संपल्यावर. प्रत्येक ओळीला रिटर्न दिलं तर छपाईत त्या जागी ओळ तुटणारच, आणि साठ अक्षरांच्या ओळीत चाळिसांवर तुटलेले तुकडे फार वाईट दिसतात.

चुका कशा दुरुस्त करायच्या?

बाणांनी कर्सर न्या आणि टाईप करा. शिफ्टसह आडवा बाण दाबला तर कर्सर शब्दाशब्दाने उडी मारतो. कंट्रोलसह वरचा बाण दाबला तर मजकुराच्या सुरुवातीला, खालचा दाबला तर शेवटाला. डिलीट कर्सरच्या डावीकडचं अक्षर खातं, कंट्रोल-ए कर्सरखालचं, कंट्रोल-डी पूर्ण शब्द. कंट्रोल-एस अक्षराची लिपी लहानाची मोठी किंवा मोठ्याची लहान करतं.

नवीन अक्षरं जुन्यांना सरकवून मधे बसत नसतील, त्यांच्यावरच उमटत असतील, तर एफ-० एकदा दाबून बघा. घुसवणं आणि वर लिहिणं या दोन पद्धती ते आलटूनपालटून लावतं.

बेसिकमध्ये कॉपी बटणाने जुनी ओळ पुन्हा उचलायची सुंदर सोय आहे. दोन कर्सर दिसतात, एक वाचतो, एक लिहितो. ती इथे शोधू नका. मजकूर हलवायला वर्डवाइजची स्वतःची रीत आहे.

परिच्छेद उचलून दुसरीकडे कसा न्यायचा?

त्याच्या सुरुवातीला कर्सर नेऊन एफ-३, शेवटी नेऊन पुन्हा एफ-३. दोन खुणा दिसतील. मग कर्सर नव्या जागी न्या आणि एफ-८ दाबा, परिच्छेद तिथे येईल. एफ-९ दाबलं तर जुन्या जागी तसाच राहून नव्या जागी प्रत येईल. एफ-७ खुणांमधला मजकूर पुसतं, आणि पुसलेलं परत आणायची सोय नाही. एफ-७ आणि एफ-८ शेजारी-शेजारी आहेत, म्हणून मोठा भाग हलवण्याआधी एकदा साठवून घ्यायची सवय लावा.

फंक्शन बटणांच्या वर एक पारदर्शक पट्टी असते. तिच्याखाली कागदाची चिठ्ठी सरकवून प्रत्येक बटणाचं काम मराठीत लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात तरी लाज वाटून घेऊ नका, ती पट्टी त्यासाठीच दिली आहे.

हिरव्या अक्षरांची भानगड काय?

मांडणीच्या आज्ञा मजकुरातच लिहायच्या, पण त्या छापायच्या नाहीत, हे मशीनला कळायला हवं. एफ-१ दाबलं की पुढची अक्षरं हिरवी होतात: ही आज्ञा. एफ-२ दाबलं की पुन्हा पांढरी: हा मजकूर. आज्ञेनंतर थेट रिटर्न दाबलं तरी आज्ञा संपते, आणि त्या रिटर्नमुळे कागदावर रिकामी ओळ पडत नाही.

पहिल्या पत्रासाठी एवढं करा. सगळ्यात वर एफ-१, एल-एल ६०, रिटर्न: ओळ साठ अक्षरांची. मग एफ-१, एल-एम १०, रिटर्न: डावीकडे दहा अक्षरांचा समास. मथळ्यासाठी एफ-१, सी-ई, एफ-२ आणि मग मथळा: तो मधोमध येतो. जे-ओ दिलं की उजवी कडही सरळ होते, एन-जे दिलं की नाही. अधोरेखित करायच्या शब्दांआधी यू-एस, नंतर यू-ई. नवं पान हवं तिथे बी-पी. मजकूर आपोआप पानापानांत तोडायचा असेल तर ई-पी.

आता ७ दाबून बघा. साठ अक्षरांच्या ओळी, मधोमध मथळा. मग वर जाऊन साठाचे पन्नास करा आणि पुन्हा ७. सगळं पत्र नव्याने लागलेलं दिसेल, एकाही ओळीला हात न लावता. पुस्तिकेतलं प्रकरण दहा वेळा वाचण्यापेक्षा हा प्रयोग एकदा करणं अधिक उपयोगी.

यू-ई विसरलं तर पुढचं सगळं पत्र अधोरेखित होतं. असं काही विचित्र घडलं तर आधी हिरवी अक्षरं तपासा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

चुकून ब्रेक दाबलं गेलं. सगळं गेलं का?

घाबरू नका आणि मशीन बंद करू नका. ब्रेक फंक्शन बटणांच्या ओळीतच असल्याने हे होतंच. मेमरीतला मजकूर तसाच असतो. पुन्हा वर्डवाइजमध्ये गेलात की ते जुना मजकूर हवा का असं विचारतं, त्याला "वाय" दाबा. वीज गेली तर मात्र काहीही उरत नाही. आपल्याकडे हे आणखी महत्त्वाचं: लोडशेडिंगच्या गावात दर पानाला साठवा.

साठवताना काय लक्षात ठेवावं?

फ्लॉपीवर नाव जास्तीत जास्त सात अक्षरांचं, आणि एका बाजूला ३१ फाईलच मावतात, जागा कितीही उरली असली तरी. चाळीस ट्रॅकच्या फ्लॉपीवर १०० केबी, ऐंशी ट्रॅकच्यावर २०० केबी, एका बाजूला. यादीसाठी तारा कॅट. तारांकनाच्या आज्ञा वर्डवाइजच्या यादीवरूनही देता येतात, बाहेर पडायला नको.

फ्लॉपीवर प्रत्येक फाईलला सलग जागा लागते. फाईली पुसून-लिहून मधे भोकं पडली की एकूण जागा असूनही "डिस्क फुल" येतं. त्यावर तारा कॉम्पॅक्ट हा उपाय आहे, पण मेमरीत न साठवलेलं लिखाण असताना तो कधीही करू नका. तारा कॉम्पॅक्ट, तारा कॉपी आणि तारा बॅकअप या तिन्ही आज्ञा फाईली हलवताना तुमच्या मजकुराचीच जागा वापरतात आणि त्यावर लिहून मोकळ्या होतात. अशा वेळी दुसरी फ्लॉपी घाला, आधी मजकूर तिच्यावर साठवा, मग आवराआवर करा. म्हणून एक कोरी, तयार केलेली फ्लॉपी कायम हाताशी हवी. "तयार केलेली" म्हणजे फॉरमॅट केलेली. जुन्या मॉडेल बी मध्ये फॉरमॅटचा प्रोग्रॅम चिपेत नसतो, तो सोबतच्या युटिलिटी फ्लॉपीवर असतो.

कॅसेटवर साठवायचं तर नाव दहा अक्षरांपर्यंत चालतं. वेग सेकंदाला जेमतेम शंभर अक्षरं, म्हणजे भरलेल्या मेमरीला चार-साडेचार मिनिटं. कॅसेटवर एकाच लिखाणाच्या दोन प्रती लागोपाठ साठवा.

जुन्या फ्लॉप्या सापडल्या आहेत. वाचता येतील?

बऱ्याचदा येतात. पण आधी फ्लॉपी हळूच फिरवून खिडकीतून दिसणारा पृष्ठभाग नीट बघा. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याच्या दमट हवेत ठेवलेल्या फ्लॉप्यांवर बुरशीचे पांढुरके ठिपके येतात. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ती स्वतः जातेच, ड्राइव्हचं हेडही खराब करते, आणि मग पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. ठिपके दिसले तर ती बाजूला ठेवा. हेड साफ करायचं साहित्य जवळ असल्याशिवाय प्रयोग नको. त्या फ्लॉप्यांवर एखाद्या शिक्षकांनी काढलेल्या प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम, मुलांचे निबंध असू शकतात. त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसेल.

प्रिंटरवर सगळा मजकूर एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा छापला जातो.

प्रिंटर बिघडलेला नाही. "पुढच्या ओळीवर जा" हा संकेत मशीन स्वतःहून गाळतं, कारण काही प्रिंटर ओळ आपोआप पुढे सरकवतात. तुमचा सरकवत नाही. तारा एफ-एक्स ६,० ही आज्ञा द्या, संकेत जाऊ लागेल. उलट, प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ पडत असेल तर तारा एफ-एक्स ६,१० द्या. प्रिंटर सिरियल जोडणीचा असेल तर आधी तारा एफ-एक्स ५,२ लागतं.

वर्डवाइजमध्ये मराठी लिहिता येईल का?

नाही, आणि कारण पुन्हा मोड ७ मध्येच आहे. जी चिप अक्षरांचे आकार काढते तिच्यात ते आकार कारखान्यातच कोरलेले असतात, बदलता येत नाहीत. ज्या मोडमुळे लिहायला जागा मिळते तीच मोड देवनागरीचा रस्ता अडवते.

इतर मोडमध्ये व्हीडीयू २३ या आज्ञेने स्वतःची अक्षरं काढता येतात, आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. क, ग, म, न बऱ्यापैकी जमतात. पण शिरोरेषेला एक ओळ गेली, वरच्या मात्रेला आणि खालच्या उकाराला जागा सोडली की अक्षराच्या अंगाला चार-पाच ओळीच उरतात. "क्ष", "ज्ञ", "र्‍या" यांचं काय करायचं? मथळ्यापुरती चार मोठी अक्षरं जोडून काढणं हा मजेचा उद्योग आहे, मी सुचवतो. लेख लिहिणं शक्य नाही.

संगणकावर देवनागरी सहज लिहिण्याची वाट आपल्याकडे दुसऱ्या मशीनवरून आली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं तंत्र १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलं आणि त्याचं कार्ड पीसीत बसवून भारतीय लिप्यांत काम होऊ लागलं.

माझ्याकडे मशीन नाही. तरी शिकता येईल?

हो. विंडोजवर बीबएम हा एम्युलेटर आहे, आणि ब्राउझरमध्येच चालणारा जेएसबीब आहे. मास्टर १२८ हे मॉडेल निवडलंत तर "व्ह्यू" आणि "एडिट" तयार मिळतात, तारा वर्ड किंवा तारा एडिट टाईप करा. वर्डवाइजसाठी त्याच्या चिपेची फाईल एम्युलेटरच्या रॉम (म्हणजे चिपांच्या) यादीत लावावी लागते. जेएसबीबमध्ये एफ-० साठी तुमच्या कीबोर्डवरचं एफ-१० आणि ब्रेकसाठी एफ-१२ दाबायचं.

मी लिहिलेलं आजच्या संगणकावर कसं आणायचं?

एम्युलेटरमध्ये लिहिलं असेल तर ते फ्लॉपीच्या प्रतिमेत, म्हणजे एकाच फाईलमध्ये साठलेलं असतं. खऱ्या मशीनवर गोटेक नावाचा छोटा डबा फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी जोडता येतो, मग तशीच प्रतिमा पेन ड्राइव्हवर तयार होते.

वर्डवाइजची फाईल म्हणजे साधी अक्षरं, आणि मधे मधे हिरव्या आज्ञांचे संकेत. ते संकेत नको असतील तर यादीतला ८ वापरून छापील रूपाची फाईल करा, तीच बाहेर आणा. ओळीच्या शेवटाचा संकेत आजच्या काही प्रोग्रॅमना ओळखता येत नाही आणि सगळा मजकूर सलग दिसतो. चांगल्या एडिटरमध्ये "लाइन एंडिंग" बदलायची सोय असते, तिथे जुना मॅकिंटॉशचा पर्याय निवडून उघडा. पौंडाच्या चिन्हाच्या जागी उलटा अपोस्ट्रॉफ दिसला तर तो शोधून बदला. या मशीनने त्या चिन्हाला वेगळा क्रमांक दिला आहे.